सोनेगावची दुसरी धावपट्टी

नागपूरच्या विमानतळाचा विषय निघाला की गप्पा हमखास झिरो माइलच्या खांबापाशी जाऊन थांबतात. आपण देशाच्या मधोमध, म्हणजे विमानतळ मोठा व्हायलाच हवा! विस्ताराच्या बाजूने मीही आहे, पण हे कारण मला पटत नाही. ते इतके चिवट आहे, कारण एके काळी ते अक्षरशः खरे होते.

30 जानेवारी 1949 रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळी उशिरा निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या विमानतळावर, म्हणजे सोनेगावला, उतरत. थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासीही विमान बदलत आणि उजाडेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई या योजनेमागे ठाम उभे होते. जे. आर. डी. टाटांचा मात्र तिला विरोध होता. रात्रीच्या उड्डाणांना लागणाऱ्या सोयी जमिनीवर नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ही भीती अगदीच पोकळ नव्हती. डिसेंबर 1953 मध्ये सोनेगावहून उडालेले डकोटा कोसळले आणि 14 पैकी 13 जण गेले. तरीही सेवा 1970च्या दशकापर्यंत चालली. पुढे अमेरिकेत मेम्फिसला रोज रात्री पार्सले गोळा करून पहाटे वाटायला पाठवणाऱ्या फेडेक्सचे संस्थापक फ्रेड स्मिथ यांनी, ही कल्पना आपल्याआधी राबवणाऱ्यांत भारतीय टपाल खात्याचे नाव घेतले होते. नागपुरात हे फारसे कुणी सांगत नाही, याचे नवल वाटते.

या योजनेचे गणित साधे होते. सोनेगावपासून मुंबई सुमारे 700 किलोमीटर, उरलेली तिन्ही महानगरे साडेआठशे ते पावणेदहाशेच्या टप्प्यात. तासाला पावणेतीनशे किलोमीटर जाणाऱ्या डकोटाला कुठूनही अडीच ते साडेतीन तास लागत. आज मुंबईहून कोलकात्याला जेट अडीच तासांत थेट पोहोचते. त्याला वाटेत नागपूरला टेकण्याची गरजच नाही. विमाने आपल्या डोक्यावरून जातात हे खरे, पण डोक्यावरून जाणाऱ्या विमानाने गावाच्या पदरात काही पडत नाही. राज्य सरकारने 2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली आणि विमानतळालगतच्या मिहान या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पाचे स्वप्न रंगवले, तेव्हाही भर या मध्यवर्तीपणावरच होता.

मग विस्तार कशासाठी? पहिले कारण उन्हाचे. मे महिन्यात नागपूर 45 अंशांच्या पुढे जाते. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो. मग विमानाला जास्त अंतर धावावे तरी लागते, नाहीतर वजन कमी करावे लागते. सध्याची धावपट्टी 3,200 मीटरची आहे, मिहानच्या आराखड्यातली दुसरी 4,000 मीटरची. लांबच्या देशी भरल्या पोटाने जाणाऱ्या मालवाहू विमानाला भर दुपारी हा फरक जाणवतो. त्याहून रोखठोक कारण म्हणजे आज धावपट्टी एकच आहे. तिच्या रिकार्पेटिंगचे काम निघाले तेव्हा दिवसाची विमाने बंद ठेवावी लागली आणि वेळापत्रक सकाळ-संध्याकाळच्या टोकांना ढकलले गेले. एकुलत्या एका धावपट्टीवर कार्गो हब उभारायला निघालेल्यांना याची आठवण द्यायला हवी.

दुसरे कारण मालाचे. इथे लगेच संत्र्याचे नाव निघते. संत्रे वजनाला जड आणि भावाला हलके. ते प्रामुख्याने ट्रकनेच जाणार. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले तेव्हा विदर्भाचा बागायतदार अडला तो शुल्कापायी, धावपट्टीपायी नव्हे. विमानाने जाते ते थोडक्या वजनात मोठी किंमत असलेले. मिहानात असा माल तयार होऊ लागला आहे. बोइंग 787च्या तळाच्या तुळया टाटा समूहाच्या कारखान्यात बनल्या, दसॉ-रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन विमानांचे भाग बनतात, ल्युपिनची औषधे आहेत. एअर इंडियासाठी उभारलेले विमानदुरुस्ती केंद्र 2015 पासून आहे. ते आले तेही नकाशामुळे नव्हे. एअर इंडियाने 68 बोइंग विमानांची मागणी नोंदवली, तिच्या सौद्यात ते मिळाले.

इतके असून काम का रखडले, याची हकीकत कोर्टकचेरीची आहे. विमानतळ चालवणाऱ्या मिहान इंडिया या कंपनीत राज्याच्या कंपनीचा वाटा 51 टक्के आणि विमानतळ प्राधिकरणाचा 49. खासगीकरणाच्या निविदेत जीएमआर कंपनीने उत्पन्नातला 5.76 टक्के वाटा देऊ केला, वाटाघाटींत तो 14.49 टक्क्यांवर नेला. मार्च 2019 मध्ये काम दिल्याचे पत्र निघाले, मार्च 2020 मध्ये प्रक्रियाच रद्द झाली. कंपनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात 2021 मध्ये जिंकली, सर्वोच्च न्यायालयात 2022 मध्ये जिंकली. क्युरेटिव्ह याचिका निकालात निघायला सप्टेंबर 2024 उजाडला. पुढच्याच महिन्यात करार झाला आणि पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे 7,000 कोटींच्या कामाची पायाभरणी झाली. जास्त वाटा मिळेल या आशेने सरकारने साडेचार वर्षे घालवली आणि शेवटी त्याच कंपनीशी करार केला. हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा, ते ज्याने त्याने ठरवावे.

आकड्यांनी मात्र हुरळून जायला नको. अंतिम क्षमता वर्षाला 3 कोटी प्रवाशांची सांगतात. सध्याची ये-जा 30 लाखांच्या आत-बाहेर, करोनाआधीही तेवढीच. दिवाळीत पुण्याहून घरी येणाऱ्या पोरांचे तिकीट भडकते, ते नागपुरात जागा नाही म्हणून नव्हे. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे, तिथे वेळा मिळत नाहीत. मुंबईत एका वेळी एकच धावपट्टी वापरता येते, तीही तुंबलेली. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाने ही कोंडी थोडी फुटेल. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल 2025 मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले, गोंदियाच्या बिरसीहून हैदराबादला जाता येते. त्यामुळे नागपूरचे गिऱ्हाईक तुटेल अशी हाकाटी काही जण करतात. बेलोऱ्याची धावपट्टी 1,850 मीटरची, तिथे 72 आसनी एटीआर उतरते. दोहा-शारजाचा प्रवासी सोनेगावलाच येणार.

खरी अडचण जमिनीची आहे. दुसऱ्या धावपट्टीच्या आड हवाई दलाची जागा येते. ती मिळवायची तर मिहानमधली जमीन बदल्यात द्यायची, असा आराखडा. आणि मिहानची जमीन म्हणजे शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव या गावांची शेते. शिवणगावच्या प्रकल्पग्रस्तांचे मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे भांडण वर्षानुवर्षे चालले. विस्ताराची बाजू मांडणाऱ्याने आधी त्या गावांचा हिशेब मागायला हवा. टर्मिनलच्या काचेचा रंग ठरवायला नंतर भरपूर वेळ आहे.