जुना कार्बोरेटर: किट घालावे की बदलावा?

एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. हे प्रमाण आयडलिंगपासून पूर्ण रेसपर्यंत सांभाळायचे काम कार्बोरेटरकडे असते, आणि तो ते दोन-तीन पितळी जेट, एक निडल आणि एक फ्लोट एवढ्याच सामग्रीवर करतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींत त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. चेतक, आरएक्स 100, जुनी बुलेट, प्रीमियर पद्मिनी या गाड्या मात्र अजून त्याच्याच भरवशावर चालतात. गाडी मिसिंग करू लागली, अ‍ॅव्हरेज घसरले, पेट्रोल ठिबकू लागले की मालकापुढे दोन वाटा असतात: आहे त्याच कार्बोरेटरला किट घालायचे, नाहीतर तो काढून नवा बसवायचा.

त्याआधी दोष खरोखर कार्बोरेटरचाच आहे ना, हे पाहावे लागते. प्लग, पॉइंट, चोंदलेला एअर फिल्टर, टाकीतला गंज, पेट्रोल कॉकची जाळी यांतल्या कशानेही तीच लक्षणे दिसतात. चेतकसारख्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये मॅग्नेटकडचा ऑइल सील गेला की बाहेरची हवा थेट क्रँककेसमध्ये शिरते आणि गाडी आपोआप रेस घेते. मग एअर स्क्रू कितीही फिरवा, उपयोग शून्य. असे कित्येक निर्दोष कार्बोरेटर विनाकारण खोलले जातात.

दोष कार्बोरेटरचाच ठरला, तर निर्णय एका साध्या भेदावर येतो. जे स्क्रूने निघते ते बदलता येते. जे बॉडीतच झिजले, ते किटने परत येत नाही. किटमध्ये गॅस्केट, ओ-रिंग, फ्लोटची सुई आणि तिची बैठक असते, काही किटमध्ये जेट आणि स्लाइडची निडलही मिळते. ओव्हरफ्लो, कडक झालेले रबर, चोंदलेला पायलट जेट ही किटने सुटणारी दुखणी आहेत. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. तीही साफसफाईने जाते, बॉडी शाबूत राहते.

बॉडीची तपासणी मात्र सवडीने करावी लागते. बुलेटच्या मिककार्बसारख्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड हजारो किलोमीटर वर-खाली होत राहते आणि इंजिनाच्या ओढीने एकाच बाजूला घासते. झाकण काढून स्लाइड बोअरमध्ये हलवून पाहावी. ती खडखडत असेल, तिच्यावर उभे ओरखडे असतील, तर बंद थ्रॉटललाही कडेने हवा शिरते आणि आयडलिंग कधीच स्थिर राहत नाही. अशा बॉडीत नवी स्लाइड घातली तर थोडा फरक पडतो, पण बोअर लंबगोल झाला असेल तर तेवढ्याने भागत नाही. निडल जिच्यातून वर-खाली होते ती नळीही झिजून रुंद होते. मग मधल्या रेसला मिश्रण रिच होते, प्लग काळा पडतो आणि पीयूसीचा आकडा चढतो. मार्च 2000 पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के, त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना 3.5 टक्के आहे. नळी सुटी मिळत असेल तर ती आणि निडल जोडीनेच बदलावी.

पद्मिनीच्या सोलेक्समध्ये दुखणे दुसरीकडे असते. थ्रॉटलचा स्पिंडल ज्या भोकांत फिरतो ती भोके रुंदावतात. लिव्हर धरून स्पिंडल वर-खाली हलवला की ढिलाई हाताला कळते. इथे नवा कार्बोरेटर हा एकमेव उपाय नाही. चांगला लेथवाला भोक रीम करून पितळी बुश बसवून देतो, आणि ते काम नव्याच्या तोडीचे असते. पिकअप घेताना गाडी गचके देत असेल तर बहुधा अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम फाटलेला असतो. ते काम किरकोळ आहे.

चेतकच्या स्पाकोची तऱ्हा निराळी. हा कार्बोरेटर दोन लांब बोल्टांनी थेट इंजिनावर बसतो. पेट्रोल गळते म्हणून मेकॅनिक बोल्ट आवळतो, बॉडी वाकते, गळती वाढते, मग आणखी आवळतो. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून बॉडीची इंजिनाला टेकणारी बाजू घासून सपाट करता येते. मात्र आटे गेले असतील, कान तुटला असेल किंवा ओतीव धातूला तडा असेल, तर नवाच बरा.

पूर्वीच्या कारागिरीने केलेले नुकसानही मोजावे लागते. जेट तारेने टोकरायची सवय जुनी आहे. स्पाकोच्या जेटवर 100 आकडा असेल तर भोक बरोबर 1 मिलिमीटरचे असते. तारेने ते किंचित वाढले तरी आकडा तोच राहतो आणि पुढचा मेकॅनिक फसतो.

नव्याच्या बाबतीत आकारावर जाऊ नये. पुण्यात नाना पेठेत सुटे भाग मिळतात, कंपनीचे आणि लोकलही. लोकल कार्बोरेटर दिसायला हुबेहूब असतो, पण त्याचे जेट गाडीच्या इंजिनाशी जुळतीलच असे नाही, स्लाइडही कधी सैल निघते. झिजलेल्या अस्सलाला हाकलून ढिला नवा आणण्यात काही हशील नाही. जुन्या बाजारातला वापरलेला अस्सल भाग स्वस्त पडतो, मात्र तोही त्याच जागी झिजलेला असण्याची शक्यता मोठी, म्हणून बोअर आणि आटे तिथेच पाहून घ्यावेत.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, ते फ्लोटच्या वाटीत तळाशी बसते आणि जस्ताच्या बॉडीवर पांढरी भुकटी धरते. जुने रबर फुगते. शिवाय या मिश्रणाला हवा कमी लागते, सुमारे 13.5 पट, त्यामुळे जुन्या जेटवर गाडी थोडी लीन चालते. म्हणून किट इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावे. लांब चढावर प्लग पांढरट दिसत असेल तर मेन जेट एक आकडा मोठा घालून पाहावा. भुकटीने बॉडीला खोल खड्डे पडले असतील आणि आतले बारीक मार्ग बुजले असतील, तर त्या बॉडीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

नवा बसवल्यावर जुना लगेच भंगारात देऊ नये. त्याचे अस्सल जेट तारेच्या तडाख्यातून वाचले असतील, तर नव्यातल्या जेटशी त्यांचे आकडे ताडून पाहता येतात, आणि कित्येकदा नव्या बॉडीत शेवटी हे जुने जेटच जातात.