मारणारे तिघे, सांभाळणारा एक

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या संघानं १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. जुन्या कबड्डीचे तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. अमरमध्ये बाद होऊनही गडी मैदानातच राहायचा. संजीवनीत मात्र समोरचा एक गडी टिपला की आपला बाद गडी परत आत यायचा, आणि आजच्या कबड्डीनं हाच नियम पुढं चालवला. समोरचे किती टिपले याइतकंच आपले किती उरले याला मोल असतं, हे अमरावती-अकोल्याच्या कबड्डीशौकिनाला शिकवावं लागत नाही. पण ऑनलाइन अद्भुतरम्य खेळात पात्र निवडायची वेळ आली की बहुतेकांचा हात तलवारवाल्यावर जातो. जखमा भरणारा हीलर म्हणजे लढता न येणाऱ्याची सोय, असा समज आहे. खरं तर संपूर्ण लढाईचं गणित ज्याला मांडता येतं, त्याचंच हे पात्र.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चं उदाहरण घ्या. पाच जणांच्या टोळीत मार अंगावर घेणारा एक टँक, मारणारे तिघे आणि हीलर एकच. सुरुवातीच्या काळात प्रीस्ट या हीलर पात्राकडे दीड सेकंदात होणारा ‘फ्लॅश हील’ होता. झटपट, पण मिळणाऱ्या गुणाच्या मानानं महाग. ‘ग्रेटर हील’ अडीच-तीन सेकंद घ्यायचा, पण खर्चाला परवडायचा. ‘रिन्यू’ पंधरा सेकंद थोडी थोडी जखम भरत राहायचा. मंत्रांना लागणारी शक्ती, म्हणजे माना, मोजकीच; आणि मंत्र टाकल्यावर पुढचे पाच सेकंद ती आपसूक भरून येण्याचा मुख्य मार्ग बंद. त्यातून पूर्ण बऱ्या गड्यावर टाकलेला मंत्र सरळ वाया. त्यामुळे टँकचं रक्त अर्ध्यावर आलं असताना हात आवरून पुढचा मोठा घाव कधी बसणार हे ओळखणं, हीच हीलरची खरी कसोटी.

दया आली म्हणून उपचार केला, एवढ्यानं भागत नाही. सप्टेंबर २००५ मध्ये याच खेळात हक्कार नावाच्या राक्षसाचा ‘करप्टेड ब्लड’ हा शाप पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत शिरला आणि साथ पसरली. काही हीलर मदतीला धावले. २००७ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी या साथीवर लिहिलं. बाधितांना जगवत ठेवल्यानं संसर्ग पसरायला आणखी वेळ मिळाला असावा, असं त्यांचं निरीक्षण होतं.

हीलर निवडण्यावर पहिला आक्षेप असा, की शत्रू मरतो तो तलवारीनं, मग हीलर हवाच कशाला? २०१२ च्या ‘गिल्ड वॉर्स २’नं हाच विचार करून प्रत्येकाला स्वतःचा उपचार दिला आणि वेगळा हीलर काढून टाकला. पण २०१५ मध्ये मोठ्या सांघिक लढाया आल्या, तेव्हा ड्रुइडच्या रूपानं हीलर परत आलाच. दुसरा आक्षेप, एकट्यानं खेळताना हीलर रखडतो. हा बरोबर आहे, म्हणूनच ‘वॉरक्राफ्ट’नं २००९ मध्ये एकाच पात्राला कौशल्यांचे दोन संच ठेवायची मुभा दिली. तिसरा आक्षेप, श्रेय मिळत नाही. तेही खरं; पण टोळ्यांना कमी पडणारी भूमिका घेणाऱ्याला जास्तीचं बक्षीस द्यायची योजना २०११ मध्ये त्याच खेळाला आणावी लागली. खेळाडूंची गर्दी मारणाऱ्यांकडे, आणि टोळ्या अडतात त्या टँक नाहीतर हीलरवाचून.

म्हणून हीलर घडवताना आधी आपला स्वभाव पाहावा. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये ऐनवेळी निर्णय घेणाऱ्यानं थेट उपचार करणारा प्रीस्ट घ्यावा, पुढचं ओळखून आधीच तजवीज करणाऱ्यानं हळूहळू जखम भरणारा ड्रुइड. सामान निवडताना उपचाराच्या जोराआधी माना टिकवण्याकडे लक्ष द्यावं, आणि साऱ्या टोळीच्या रक्तपट्ट्या पडद्याच्या मध्याजवळ आणाव्यात. लढाई संपल्यावर आकडे दिसतात, त्यात आपण किती उपचार केला यापेक्षा त्यातला किती वाया गेला हे आधी वाचावं. तो आकडा उतरू लागला, की हीलर जमला म्हणायचं.