मांसल सशांसाठी गोळी खाद्याची निवड

ससा गवतावर वाढतो, त्याच्या खाद्यावर खर्च तो काय, असा समज सर्वत्र आढळतो. ज्याच्या बांधावर लसूणघास उभा आहे त्याच्या बाबतीत तो बव्हंशी खराही आहे. परंतु शहराच्या जुन्या भागात परसात किंवा गच्चीवर दहा-बारा माद्या पाळणाऱ्यापुढील प्रश्न निराळा असतो. इंदूर शहरातील मल्हारगंजचे उदाहरण घेता येईल. मल्हारराव होळकरांचे नाव धारण करणाऱ्या या दाट वस्तीत कुरण नाही आणि हिरवा चारा घ्यावयाचा तर तो बाहेरून विकत आणावा लागतो. येथील सशाचा आहार पोत्यातून येतो. पुण्याच्या पेठांत किंवा नागपूरच्या महालात ससे पाळणाऱ्याची स्थिती याहून वेगळी नसते. पोत्याची निवड चुकली तर ती भरून काढण्यास चाऱ्याचा आधार नसतो, आणि नुकसान होते ते बहुधा पाचव्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे मादीच्या गाभणकाळाचा व दुधाचा सर्व खर्च होऊन गेल्यावर.

खाद्य विकत घेताना पहिला प्रश्न प्रथिनांविषयी विचारला जातो. कोंबड्यांच्या व्यवसायातून आलेली ही सवय आहे. सशाच्या बाबतीत पहिला प्रश्न तंतुमय पदार्थांविषयी असावा.

तंतू पचत नाहीत, तरी तंतूंवाचून चालत नाही

सशाच्या लहान व मोठ्या आतड्यांच्या संधीवर अंधनाल नावाची मोठी पिशवी असते. तेथे असंख्य सूक्ष्मजंतू अन्न आंबविण्याचे काम करतात. आतड्यातील अन्नाचे येथे दोन भाग पडतात. जाडसर, तंतुमय कण लवकर पुढे ढकलले जाऊन कठीण लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. बारीक कण मागे वळून अंधनालीत जातात. तेथे तयार होणारी मऊ विष्ठा ससा गुदद्वारापाशीच तोंड लावून पुन्हा खातो व तीतून त्याला प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात. नवख्या पालकास हे किळसवाणे वाटते व ससा आजारी असल्याची शंका येते. वस्तुतः हे त्याच्या पचनाचे अंगच होय.

ही सर्व हालचाल चालू ठेवण्याचे काम तंतू करतात. गाईच्या तुलनेने सशाला तंतू फार थोडे पचतात. त्यांचा उपयोग पोषणापेक्षा आतड्यास गती देण्याकडे अधिक होतो. खाद्यात तंतू कमी व धान्याचा पिठूळ भाग जास्त झाला की अंधनाल मंदावते. दूध तोडलेल्या पिलांना पिष्टमय पदार्थ पूर्ण पचविता येत नाहीत. न पचलेला भाग अंधनालीत जाऊन तेथे घातक जंतू वाढतात. पोट फुगते, पातळ हगवण लागते आणि पिल्लू एक-दोन दिवसांत दगावते. अशा वेळी पालक बहुधा हवामानास किंवा पाण्यास दोष देतो.

वाढत्या पिलांच्या खाद्यात १५ ते १७ टक्के प्रथिने आणि सुमारे १४ ते १६ टक्के तंतुमय पदार्थ असणे इष्ट आहे. पिलांना पाजणाऱ्या मादीस १७ ते १८ टक्के प्रथिने लागतात व तिच्या खाद्यात तंतू १२ टक्क्यांपर्यंत उतरले तरी चालतात; दुधामुळे तिची चुन्याची गरजही अधिक, सुमारे एक टक्का किंवा थोडी जास्त असते. नर व रिकाम्या माद्या यांना १२ ते १४ टक्के प्रथिने पुरेशी होतात. जास्त सकस खाद्याने त्या लठ्ठ होतात व लठ्ठ मादी नीट गाभण राहत नाही. लहान पालकास तीन प्रकारची पोती ठेवणे परवडत नाही. त्याने वाढत्या पिलांचे खाद्य निवडून ते नर व रिकाम्या माद्यांना मोजून द्यावे.

पोत्यावरील मजकूर वाचताना एक बारकावा ध्यानात घ्यावा. कोंबडीच्या व जनावरांच्या खाद्यावर तंतूंचे प्रमाण ‘कमाल’ म्हणून छापलेले असते, कारण तेथे तंतू म्हणजे निकृष्ट भर असे मानले जाते. सशाच्या खाद्याबाबत किमान प्रमाण किती, हे कळले पाहिजे. ‘तंतू कमाल १६ टक्के’ असे लिहिलेल्या पोत्यात ते आठ टक्केही असू शकतात आणि छापलेले विधान तरीही खरेच ठरते. सबब विक्रेत्याकडे प्रत्यक्ष पृथक्करणाचा अहवाल मागावा. शंका असल्यास नमुना तपासून घेण्यासाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पशुपोषण विभागाकडे विचारणा करावी. इंदूरकरांना महूचे महाविद्यालय जवळ आहे.

दुसऱ्या जनावराचे खाद्य नको

सशाचे खाद्य दुकानात नसले की विक्रेता कोंबडीचे गोळी खाद्य पुढे करतो. ते कधीही घेऊ नये. त्यात तंतू जेमतेम पाच-सहा टक्के असतात, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडिऑसिस या रोगाच्या प्रतिबंधासाठी औषध मिसळलेले असू शकते. त्यांपैकी नारासिन सशास विषारी आहे; मोनेन्सिन व सॅलिनोमायसिन यांच्या बाबतीतही सुरक्षित मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे आहे. (मोनेन्सिनमिश्रित खाद्याने घोडेही दगावतात.) ससे याच रोगास बळी पडतात हे खरे, परंतु त्यांच्यासाठी रोबेनिडीन किंवा डायक्लाझुरिल ही औषधे ठरलेल्या मात्रेत वापरतात. खाद्यात कोणते औषध आहे हे विक्रेता सांगू शकत नसेल तर ते पोते तेथेच ठेवावे. प्रतिजैविकांच्या बाबतीतही असेच आहे. लिंकोमायसिनसारखे औषध अंधनालीतील उपयुक्त जंतूंचा समतोल बिघडवून सशाचा जीव घेऊ शकते.

दुभत्या जनावरांच्या गोळी पेंडेत युरिया व सरकीची पेंड असण्याचा संभव असतो. युरियाचा गाईला होतो तसा उपयोग सशाला होत नाही, उलट अपाय होतो. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य पैदाशीच्या जनावरांस हितावह नाही. शोभेच्या सशांसाठी मिळणारी रंगीत मिश्रणेही मांसल सशांच्या कामाची नव्हेत. ससा त्यांतील दाणे निवडून खातो व उपयुक्त भाग तसाच ठेवतो. गोळीत सर्व घटक एकत्र बांधलेले असल्यामुळे ही निवड त्याला करता येत नाही, हाच गोळी खाद्याचा मोठा गुण होय.

घटक, गोळी व साठवण

पाश्चात्त्य देशांत सशाच्या गोळीचा पाया वाळविलेल्या लसूणघासाचा असतो. आपल्याकडे तुरीचा भुसा, भुईमुगाचा पाला, गव्हाचा कोंडा व तेलबियांची पेंड यांवर भागवावे लागते. या बाबतीत इंदूरचा पालक भाग्यवान आहे. माळवा हा सोयाबीनचा प्रदेश असून सोयाबीन संशोधन संस्थाही याच शहरात आहे. छावणी व लक्ष्मीबाईनगर येथील धान्यबाजारांमुळे कच्चा मालही हाताशी आहे. (तेथे पेंडेला खली आणि कोंड्याला चोकर म्हणतात.) तेल काढलेल्या व योग्य उष्णता दिलेल्या सोयापेंडेत सुमारे ४५ टक्के प्रथिने असतात. कच्च्या सोयाबीनमध्ये मात्र प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारी द्रव्ये असल्याने कच्चा दाणा भरडून वापरू नये.

गोळी ३ ते ४ मिलिमीटर जाडीची व ८ ते १० मिलिमीटर लांबीची असावी. लांब गोळी ससा अर्धी तोडतो आणि उरलेली पिंजऱ्याखाली पडते. मूठभर गोळ्या चाळून पाहाव्यात; पीठ जास्त निघाले तर ते वाया जाते, शिवाय नाकात जाऊन शिंका व सर्दीस निमित्त होते. तंतू योग्य प्रमाणात असूनही ते फार बारीक दळलेले असले तर त्यांचा मूळ उद्देशच साधत नाही. गोळी पाण्यात भिजवून पाहावी, म्हणजे जाडसर कण आहेत की नाहीत हे डोळ्यांनी दिसते.

खरेदी किती करावी याचा अंदाज सोपा आहे. दहा माद्यांपैकी पाच पाजणाऱ्या धरल्या, तर प्रत्येकी सुमारे ३५० ग्रॅम. उरलेल्या पाचांना १५० ग्रॅम. दोन नरांना प्रत्येकी १३० ग्रॅम. तीस वाढत्या पिलांना सरासरी ९० ग्रॅम. एकूण साडेपाच किलो होतात. म्हणजे ५० किलोचे पोते नऊ दिवस पुरते. यावरून महिन्याला तीन ते चार पोती लागतात. याहून अधिक साठा, विशेषतः पावसाळ्यात, करू नये. दमट हवेत भुईमुगाची पेंड व मका यांवर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ससा या विषास फार नाजूक प्राणी आहे. वजनाच्या दर किलोस ०.३ मिलिग्रॅम इतकी मात्रा निम्म्या सशांस मारक ठरते. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. कुबट वास येणारे खाद्य उन्हात वाळवून देण्याचा मोह टाळावा, कारण उन्हाने वास जातो, विष जात नाही.

माळव्यातील उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो व ससे खाणे कमी करतात. रात्री हवा थंड होते, म्हणून या दिवसांत मुख्य खाद्य सायंकाळी द्यावे. पाणी कधीही संपू देऊ नये. ससा खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पितो आणि पाणी तुटले की खाणेही थांबवतो.

किंमत कशी ताडावी

पोत्याचा भाव पाहून स्वस्त-महाग ठरविणे फसवे आहे. समजा, एक खाद्य ३० रुपये किलो असून एक किलो वजनवाढीस ते ४.२ किलो लागते. दुसरे ३६ रुपये किलो असून ३.२ किलो लागते. पहिल्याने एक किलो वाढ १२६ रुपयांस पडते, दुसऱ्याने ११५ रुपयांस. यात मेलेली पिल्ले धरलेली नाहीत. नवे खाद्य घेण्यापूर्वी एकाच वयाच्या पिलांचे आठ-आठचे दोन गट करावेत आणि दूध तोडल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्यास वजन व संपलेले खाद्य लिहून ठेवावे. चांगल्या संगोपनात न्यूझीलंड व्हाईट किंवा सोव्हिएट चिंचिला जातीचे पिल्लू या वयात दोन किलोंच्या आसपास जाते. या जातींवर राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत काम झालेले आहे.

निवड झाल्यावरही बदल एकाएकी करू नये. जुन्या खाद्यात नवे थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल करावा, आणि पिल्ले आईपासून वेगळी करण्याच्या आठवड्यात तर तो करूच नये.