अपघातग्रस्त रुग्ण वाचेल काय? : गुणांकनाचा अर्थ आणि मर्यादा

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राजवळून जाणारा सुरत-नागपूर महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) खानदेशाची जीवनवाहिनी आहे. अवजड वाहनांची अखंड वर्दळ असल्याने अपघातही त्याच्या पाचवीला पुजलेले आहेत. जखमीस रुग्णालयात आणल्यावर आप्तांचा पहिला प्रश्न असतो, “डॉक्टर, वाचेल ना?” या प्रश्नाचे उत्तर केवळ अनुभवावर न सोपविता मोजमापाच्या आधारे देण्याचा प्रयत्न वैद्यकशास्त्र गेली पाच दशके करीत आहे.

१९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या तज्ज्ञांनी रुग्णाची शुद्ध मोजण्याची पद्धत मांडली. डोळे उघडण्यास जास्तीत जास्त ४, बोलण्यास ५ व हातापायांच्या हालचालीस ६ असे गुण दिले जातात. पूर्ण शुद्धीवर असलेल्यास १५, तर कोणताही प्रतिसाद न देणाऱ्यास ३ गुण मिळतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे मेंदूस गंभीर इजा झाल्याची शक्यता.

१९८९ मधील सुधारित पद्धतीत शुद्धीबरोबर रक्तदाब व श्वसनाचा वेगही धरला गेला. प्रत्येकास ० ते ४ गुण, एकूण १२. समजा, एका जखमीच्या शुद्धीचे गुण ८, वरचा रक्तदाब ८० आणि श्वास मिनिटाला ३२ आहे. त्यास अनुक्रमे २, ३ व ३, म्हणजे एकूण ८ गुण मिळतात. ११ किंवा त्याहून कमी गुण असल्यास रुग्णास सुसज्ज केंद्रात हलवावे, असा संकेत आहे. या मोजणीस रक्तदाबमापक, घड्याळ आणि प्रशिक्षित नजर एवढेच पुरते.

१९८७ साली पुढे आलेल्या आणखी एका पद्धतीत जखमांची तीव्रता व वयही विचारात घेऊन जगण्याची शक्यता टक्क्यांत काढली जाते. मात्र तिचे आकडे उत्तर अमेरिकेतील रुग्णांवर बेतलेले आहेत. शिवाय शरीरांतर्गत जखमांचे संपूर्ण निदान झाल्याखेरीज ती वापरता येत नाही. म्हणूनच भारतातील अभ्यास मोलाचे ठरतात. २०१३ पासून मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील सार्वजनिक रुग्णालयांत अपघातग्रस्तांच्या पद्धतशीर नोंदी ठेवण्यात आल्या. मुंबईतील शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांत होते. या नोंदींनुसार दाखल झालेल्या दर पाच रुग्णांमागे सुमारे एक तीस दिवसांच्या आत रुग्णालयातच दगावला. लवकर ओढवणाऱ्या मृत्यूचा अंदाज रक्तदाब व शुद्धीचे गुण या साध्या मापांवरूनही बऱ्याच अंशी बांधता येतो, असेही दिसून आले.

तथापि गुण म्हणजे निकाल नव्हे. ‘जगण्याची शक्यता ४० टक्के’ याचा अर्थ अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे चाळीस वाचतात. आपला रुग्ण त्या चाळिसांत आहे की नाही, हे आकडा सांगत नाही. मद्यप्राशनाने किंवा गुंगीच्या औषधानेही शुद्धीचे गुण घटतात. तरुणाचे शरीर पुष्कळ रक्तस्राव होईपर्यंत रक्तदाब टिकवून धरते. म्हणून मोजणी एकदा करून भागत नाही, ती पुनःपुन्हा करावी लागते. कमी गुण हे उपचार थांबविण्याचे कारण नसून त्वरा करण्याची सूचना आहे.

या गुणांचा खरा उपयोग तीन ठिकाणी होतो. एकाच वेळी अनेक जखमी आल्यास प्रथम कोणास पाहावे, हे ठरते. धुळे वा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात कोणास तातडीने पाठवावे, हे कळते. आणि जो वाचावयास हवा होता, तो का दगावला, याचा रुग्णालयास प्रामाणिक शोध घेता येतो. विश्वस्तांच्या दृष्टीने हा तिसरा उपयोग सर्वांत महत्त्वाचा होय.

भाकीत बदलण्याचे सामर्थ्य वेळेत आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या जागतिक अभ्यासात रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिल्यास प्राण वाचतात, असे सिद्ध झाले. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि जखमीस मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तेव्हा अपघात दिसताच निःशंकपणे थांबावे, ही वाचकांस नम्र विनंती. रक्तदात्याची एक पिशवी आणि देणगीदाराचा प्रत्येक रुपया त्या आकड्यास जीवनाच्या बाजूने झुकवीत असतो.