दोन उलट प्रवाह : हिप्पी-डिस्को काळातील वेशभूषा आणि नागभीड परिसरातील कोसा

प्रस्तावना :

वस्त्र ही मानवाची मूलभूत गरज आहे. परंतु कोणते वस्त्र प्रतिष्ठेचे आणि कोणते मागासलेपणाचे, हे गरजेवरून ठरत नाही. ते ठरविणाऱ्या शक्ती बहुधा वस्त्र विणणाऱ्यापासून फार दूर असतात. १९६५ ते १९८५ या दोन दशकांतील हिप्पी व डिस्को वेशभूषा हे याचे बोलके उदाहरण होय. बेलबॉटम, मोठ्या कॉलरचा शर्ट, लांब कल्ले आणि उंच टाचेचे बूट यांची आठवण आज बहुधा विनोदाच्या अंगाने काढली जाते. प्रत्यक्षात या काळात वस्त्रांच्या क्षेत्रात दोन परस्परविरोधी प्रवाह वाहत होते. पाश्चात्त्य तरुण भारतीय हातमागाच्या व हातछपाईच्या कापडाकडे वळत होता. त्याच वेळी भारतीय तरुण सुती व हातमागाचे कापड सोडून कृत्रिम धाग्याकडे धाव घेत होता. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रवाहांचे स्वरूप स्पष्ट करून, कोसा विणकामाचे जुने केंद्र असलेल्या नागभीड परिसराच्या संदर्भात त्यांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

१. हिप्पी वेश : नकारातून आलेला स्वीकार

हिप्पी चळवळीचा उगम १९६० च्या दशकात अमेरिकेत झाला. व्हिएतनाम युद्धाला विरोध, उपभोगवादी जीवनाचा कंटाळा आणि पौर्वात्य अध्यात्माचे आकर्षण या तिच्यामागील प्रमुख प्रेरणा होत्या. १९६७ चा सॅन फ्रान्सिस्को येथील उन्हाळा आणि ऑगस्ट १९६९ चा वुडस्टॉक संगीत महोत्सव हे तिचे ठळक टप्पे मानले जातात. कोट, टाय व इस्त्रीची पँट हा नोकरशाही व्यवस्थेचा गणवेश आहे, अशी या तरुणांची धारणा होती. म्हणून त्यांनी जुनी, ठिगळ लावलेली, हाताने रंगविलेली वस्त्रे धारण केली. बेलबॉटम मुळात नाविकांची पायघोळ विजार होती. लष्करी मालाच्या स्वस्त दुकानांतून ती तरुणांच्या अंगावर आली आणि शिस्तीचे वस्त्र बंडाचे वस्त्र बनले.

या वेशातील अनेक घटक भारतीय होते. सैल कुडता, लुंगी, बांधणीशी नाते सांगणारी गाठी मारून केलेली रंगाई, ठशांची छपाई, आरसेकाम आणि मण्यांच्या माळा यांचा त्यात समावेश होतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स हा गायकसमूह ऋषिकेशला आला, तेव्हा या आकर्षणाला जागतिक प्रसिद्धी मिळाली. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली, काठमांडू अशा खुष्कीच्या मार्गाने हजारो तरुण येत आणि त्यांपैकी अनेक जण पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर स्थिरावत. हणजूण येथे १९७० च्या दशकात सुरू झालेला बुधवारचा बाजार त्यांच्याच देवघेवीतून उभा राहिला. पुण्यात १९७४ मध्ये कोरेगाव पार्क येथे रजनीशांचा आश्रम स्थापन झाल्यावर भगव्या रंगाच्या पायघोळ झग्यातील परदेशी साधक हे शहरातील नेहमीचे दृश्य बनले. पुढे १९७९ मधील इराणची क्रांती आणि त्याच वर्षअखेरीस अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांमुळे हा खुष्कीचा मार्ग बंद पडला.

२. डिस्को वेश : प्रकाशासाठी घडविलेले कापड

डिस्कोची प्रेरणा याहून भिन्न होती. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी समुदायांच्या नृत्यगृहांत ती आकाराला आली. डिसेंबर १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘सॅटर्डे नाइट फीवर’ या चित्रपटाने ती जगभर पोहोचविली. जॉन ट्रॅव्होल्टाने त्यात परिधान केलेला पांढरा सूट पॉलिएस्टरचा होता, ही बाब लक्षणीय आहे. नृत्यगृहातील फिरत्या दिव्यांखाली चमकणारे, घामाने न चुरगळणारे आणि शरीराबरोबर हलणारे कापड डिस्कोला हवे होते. पॉलिएस्टर, सॅटिन, जर आणि टिकल्या यांनी ती गरज भागविली.

पॉलिएस्टर धाग्याचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी लावला. हा धागा खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून तयार होतो. तो पाणी फारसे शोषत नाही, म्हणून लवकर वाळतो. उष्णतेने त्याला एकदा घडी दिली की ती टिकून राहते. बेलबॉटमसाठी हा गुण निर्णायक ठरला. मांडीला घट्ट आणि गुडघ्यापासून खाली रुंदावत जाणारी ही पँट शोभते ती कापड ताठ खाली पडले तरच. सुती कापड दुपारपर्यंत चुरगळून तिचा आकार बिघडवी. टेरीकॉटची पँट मात्र सायंकाळपर्यंत तशीच राही.

३. भारतातील प्रसार : चित्रपट, शिंपी आणि टेरीकॉट

भारतात या दोन्ही फॅशन चित्रपटांच्या माध्यमातून आल्या आणि त्यांतील कालांतर पुसले गेले. हिप्पी जीवनावरील ‘हरे रामा हरे कृष्णा’ १९७१ मध्ये आला. डिस्कोची लाट ‘कुर्बानी’ (१९८०) आणि ‘डिस्को डान्सर’ (१९८२) यांनी आणली. एका चळवळीचा उपभोगाला नकार आणि दुसरीचा उपभोगाचा उत्सव हा भेद भारतीय प्रेक्षकाला जाणवण्याचे कारण नव्हते. त्याच्या लेखी दोन्ही ‘मॉडर्न’ होत्या. या घडणीत मराठी वेशभूषाकारांचाही वाटा होता. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मध्ये मुमताजसाठी केलेली नारिंगी साडी त्या काळी घरोघरी चर्चिली गेली. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. चकाकती साडी आणि खादी या दोन्ही टोकांचे काम एकाच व्यक्तीच्या हातून व्हावे, ही या काळाची खूण म्हणावी लागेल.

तयार कपड्यांचा बाजार तेव्हा मर्यादित होता. ग्राहक दुकानातून कापड फाडून घेई आणि शिंप्याकडे माप देई. त्यामुळे फॅशनचा खरा वाहक शिंपी होता. पडद्यावर पाहिलेली कॉलर तो कागदावर उतरवून घेई. जुन्या पँटची शिवण उसवून गुडघ्याखाली त्रिकोणी कळी बसविली की तिचे बेलबॉटम होई. पायाचा घेर २० इंचांच्या पुढे जाई आणि चपला त्याखाली झाकल्या जात.

ठाणे येथील कारखान्यात १९६० च्या दशकापासून ‘टेरीन’ धागा तयार होऊ लागला होता. तथापि शासनाने कृत्रिम धागा चैनीची वस्तू मानून त्यावर जबर उत्पादनशुल्क बसविले होते. परिणामी टेरीकॉटची पँट ही मिळकतीची निशाणी ठरली. लग्नात जावयाला सुटाचे कापड देताना ते ‘टेरीकॉट’ असल्याचे आवर्जून सांगितले जाई. शिक्षक व कारकून यांच्यात सफारीची प्रतिष्ठा याच कापडाने वाढविली. १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याकडे पाहण्याची शासनाची दृष्टी बदलली आणि हे कापड हळूहळू सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले.

४. नागभीड परिसर आणि कोसा

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत नागभीड हे रेल्वेचे जंक्शन आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे अरुंद मार्गाची रेल्वे आली. नागपूर-नागभीड हा अरुंद मार्ग २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत माणसे, माल आणि नवनवी फॅशन त्यावरून येत राहिली. या परिसराला स्वतःचे एक वस्त्र आहे, ते म्हणजे कोसा. ऐन व अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशापासून हा टसर रेशमाचा धागा मिळतो. आरमोरी आणि लगतच्या भागात ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या कोसा-पालन करीत आला आहे. कोश क्षारयुक्त पाण्यात उकळून, पारंपरिक रीतीने मांडीवर वळून स्त्रिया धागा काढीत. कोष्टी विणकर तो मागावर चढवीत. तीन धोट्यांच्या साहाय्याने विणली जाणारी, करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली करवती किनार ही या विणकामाची ओळख होय.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. पाश्चात्त्य तरुण हाताने विणलेल्या, नैसर्गिक रंगाच्या वस्त्राच्या शोधात भारतात आला असताना कोशाला त्याचा लाभ का झाला नाही? याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे हा प्रदेश त्यांच्या मार्गापासून दूर होता. दुसरे म्हणजे हिप्पींना स्वस्त, रोजच्या वापराचे कापड हवे होते. कोसा मात्र महाग आणि पूजा, लग्न, सोवळे यांच्याशी जोडलेला होता. म्हणजे बाहेरून ग्राहक आला नाही.

घरातील ग्राहकही त्याच काळात दुरावला, आणि या घटनेकडे फारसे लक्ष दिले जात नाही. बेलबॉटमने साडीची जागा घेतली नाही. तिने जागा घेतली ती धोतर, उपरणे आणि फेटा यांची. मंडईला किंवा रात्रीच्या नाटकाला जाणारा तरुण पँट-शर्टात दिसू लागला, तसा विणकराचा पुरुष ग्राहक नाहीसा होत गेला. मागावर उरली ती प्रामुख्याने साडी, आणि तीही लग्नसराईपुरती. तिलाही नायलॉन व जॉर्जेटच्या साड्यांशी स्पर्धा करावी लागली. धुण्यास सोपी आणि वर्षानुवर्षे टिकणारी साडी कष्टकरी स्त्रीने निवडली, यात तिचा दोष नाही. टेरीकॉट स्वीकारणाऱ्या शेतमजुराच्या मुलालाही दोष देता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड हीच ज्यांची ओळख होती, त्यांना शहरी तरुणासारखे दिसण्याची पहिली संधी याच पँटने दिली. समतेची ती एक खूणही होती. मात्र तिची किंमत शेजारच्या मागाने मोजली.

निष्कर्ष :

हिप्पी आणि डिस्को वेशभूषेचा काळ हा वस्त्रांच्या प्रतिष्ठेची अदलाबदल होण्याचा काळ होता. ज्यांच्याकडे यंत्राचे कापड मुबलक होते, त्यांना हातमाग मुक्तीचा वाटला. ज्यांच्याकडे हातमाग होता, त्यांना यंत्राचे कापड मुक्तीचे वाटले. दोन्ही निवडी आपापल्या परिस्थितीत समजण्याजोग्या होत्या. परंतु दोन्हींत विणकराचे मत कोणी विचारले नाही. आज जगातील एकूण धाग्यांत पॉलिएस्टरचा वाटा निम्म्याहून अधिक आहे आणि त्याच्या धुण्यातून पाण्यात मिसळणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकची चिंता वाढली आहे. नैसर्गिक धाग्याला पुन्हा मागणी येत आहे. ही मागणी जर केवळ महानगरांतील दुकानांपुरती राहिली, तर जुनीच गोष्ट नव्या रूपात घडेल. परिसरातील वृद्ध शिंपी, कोष्टी विणकर आणि कोसा-पालक यांच्या आठवणी व कौशल्ये अद्याप नोंदविता येण्याजोगी आहेत. इतिहास, अर्थशास्त्र व गृहअर्थशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांकडून ती नोंद आताच होणे अगत्याचे आहे. कारण शिंप्याची कात्री आणि विणकराचा धोटा यांचे दप्तर कोणत्याही कार्यालयात ठेवलेले नसते.