किल्टला खिसा नसतो, मग फ्लास्क ठेवायचा कुठे?

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाने माझ्या हातात स्टीलची एक चपटी बाटली ठेवली आणि म्हणाला, "उद्या ही तुझ्याकडे. तू पीत नाहीस, म्हणजे वेळ येईपर्यंत ती भरलेलीच राहील."

नवरदेव म्हणजे एडिंबराच्या ऑफिसातला माझा मित्र. बाटली, म्हणजे हिप फ्लास्क, त्याच्या वडिलांचा. ते दोन वर्षांपूर्वी गेले. लग्न लागल्यावर त्यातली व्हिस्की 'क्वेख' नावाच्या दोन कानांच्या वाटीत ओतायची आणि नवराबायकोने, मग घरच्यांनी त्यातून एकेक घोट घ्यायचा, असं ठरलं होतं. क्वेखमधून मिळून पिण्याची ही पद्धत तिकडच्या लग्नांत अजून आहे. बडोद्यासारख्या दारूबंदीच्या गावात वाढलेल्या माणसाकडे ही जबाबदारी यावी, याचं मला हसू आलं आणि थोडं दडपणही. कारण दुसऱ्या दिवशी सगळ्या मित्रांसारखा मीही भाड्याने आणलेला किल्ट नेसणार होतो, आणि किल्टला खिसा नसतो.

हिप फ्लास्क एका बाजूने किंचित वाकवलेला असतो, तो पँटच्या खिशात अंगाला चिकटून बसावा म्हणून. नेहमीचा फ्लास्क ६ औंसांचा, म्हणजे साधारण १७० मिलीलिटरचा. भरला की पाव किलोच्या वर जातो. आता हा ऐवज लोकरीच्या चुण्यांत कुठे लपवायचा?

पुरुषांच्या चांगल्या किल्टला ८ वार कापड लागतं. आपली नऊवारी आठवली ना? मलाही तीच आठवली. सगळ्या चुण्या मागे आणि पुढचा भाग सपाट. जुना किल्ट तर आणखी मोठा असायचा. १६व्या शतकाच्या अखेरीपासून स्कॉटलंडच्या डोंगरी भागातले पुरुष एकच लांबरुंद वस्त्र कमरेला पट्ट्याने बांधत आणि वरचा भाग खांद्यावर घेत. त्या वरच्या घड्यांतच बारीकसारीक सामान राहायचं. १८व्या शतकात खालचा भाग वेगळा वापरायची पद्धत आली. वरचं कापड गेलं आणि त्याच्याबरोबर खिसेही गेले. उरली ती कमरेला पुढे लटकणारी चामड्याची पिशवी, स्पोरन. गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी बटवा.

संध्याकाळी फ्लास्कमध्ये पाणी भरलं आणि खोलीत एकेक जागा तपासायला सुरुवात केली. प्रत्येक जागेसाठी तीन चाचण्या: बसणं, वाकणं, उडी मारणं.

पहिली जागा, पाठीमागे कमरेत खोचणं. उभं असताना झकास. खुर्चीत बसलो आणि फ्लास्क मणक्यात रुतला, उठलो तर थेट जमिनीवर.

दुसरी, मोजा. किल्टबरोबर गुडघ्याखालपर्यंत जाड लोकरी मोजे असतात आणि उजव्या मोज्यात 'स्कीअन डू' नावाची छोटी सुरी खोचतात. म्हटलं, डावा मोजा रिकामाच आहे. पण सुरी हलकी असते. भरलेल्या फ्लास्कने चार पावलांत मोजा घोट्यापर्यंत खाली आणला.

तिसरी, कोटाचा आतला खिसा. इथे फ्लास्क सुरक्षित राहतो, पण किल्टवरचा कोट आखूड आणि अंगाबरोबरचा असतो. छातीवर टेंगूळ आल्यासारखं दिसतं आणि कोट एका बाजूला ओढला जातो. शिवाय जेवणानंतर सगळे कोट काढून खुर्चीवर टाकतात.

चौथी, पट्ट्याला अडकवायची चामड्याची म्यान. डोंगरात भटकायला उत्तम, पण लग्नात कमरेला फ्लास्क मिरवणं बरं दिसत नाही. आणि माझ्याकडे म्यान नव्हतीच.

पाचवी, स्पोरन. माझा साधा फोन आणि पैशाचं पाकीट बाहेर काढलं, तेव्हा फ्लास्क आडवा बरोबर बसला. बसलो, वाकलो, पडला नाही. वजन शरीराच्या मधोमध आणि हात सहज पोचेल अशा ठिकाणी. उडीच्या चाचणीत मात्र स्पोरन असा काही आदळला की पुढचं लिहीत नाही.

तर उत्तर स्पोरनच, पण दोन अटींवर. एक, फ्लास्क शक्यतो ३-४ औंसांचा, चपटा घ्यावा. खास स्पोरनमध्ये मावतील असे फ्लास्क मिळतात. दोन, बाकीचं सामान बाहेर. बटवा फुगला की सगळा पोशाख बिघडतो. त्याचा पट्टाही असा बांधायचा की स्पोरन वेस्टकोटच्या खाली चार बोटं राहील.

लग्न व्यवस्थित लागलं. मी स्पोरनमधून फ्लास्क काढला, क्वेखमध्ये व्हिस्की ओतली. मित्राच्या आईने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग एक घोट घेतला. कुणी काही बोललं नाही.

रात्री केली, म्हणजे त्यांचा सामूहिक नाच सुरू झाला. 'स्ट्रिप द विलो' नावाच्या नाचात माणसं एकमेकांचे हात धरून इतक्या जोरात गरागरा फिरतात की गरब्यात तयार झालेला मीही धापा टाकू लागलो. अशा वेळी स्पोरन फिरवून बाजूला, कमरेवर घ्यायचा असतो. तो मी घेतला, पण फ्लास्कची धास्ती जाईना. शेवटी टेबलाशी बसलेल्या मित्राच्या आईकडे तो नेऊन दिला. त्या हसल्या. म्हणाल्या की नाच सुरू झाला की त्यांचे यजमानही हेच करायचे. फ्लास्क त्यांनी पर्समध्ये टाकला आणि मी मोकळा झालो. माझ्या चाचण्यांच्या यादीत ही सहावी जागा नव्हती.

तुमच्यापैकी कुणाला कधी असं आमंत्रण आलं, तर थोडं व्यवहाराचं. विमानात हातातल्या सामानात फ्लास्क रिकामाच न्या. हॉलवाल्याला आधी विचारा, अनेक ठिकाणी बाहेरची दारू चालत नाही. ग्लासगोत रस्त्यावर पिण्याला बंदी आहे. गाडी चालवणार असाल तर फ्लास्कला हातच लावू नका. तिथली मर्यादा २०१४ पासून रक्ताच्या १०० मिलीलिटरला ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडपेक्षाही कडक. आणि माझ्यासारखे न पिणारे असाल तर त्यात साधं पाणी भरा. लिंबू किंवा कोकम सरबत नको, आंबटाने धातूची चव उतरते.

घरी व्हिडिओ कॉलवर आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खिसा नाही तर एवढं काय रे? आम्ही आयुष्यभर कनवटीला पैसे लावले. तुझ्या आजोबांची चंची असायचीच. कधी काही पडलं नाही."

मला एकदम जाणवलं की कनवट कशी करतात, हे मला माहीतच नाही. माझं धोतर शिवलेलं आहे. त्याला इलॅस्टिक आहे आणि मोबाइलसाठी चेन लावलेला खिसाही. सोय आहे, तक्रार नाही. पण १७४६ साली ब्रिटिश सरकारने डोंगरी पोशाखावर बंदी घातली होती. पहिल्यांदा सापडलं तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं सागरापार हद्दपारी. बंदी उठली १७८२ मध्ये. तब्बल ३६ वर्षं गेली, तरी आज तिथला पंचविशीतला मुलगा स्पोरन कुठे लटकवायचा आणि नाचताना कुठे सरकवायचा, हे न विचारता जाणतो. आपल्या धोतरावर तर कुणी बंदीही घातली नव्हती.

गेल्या गणपतीत आजीकडून न शिवलेलं धोतर नेसायला शिकलो. आरतीच्या ताटात टाकायची नोट कनवटीला लावली होती. ती दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा राहिली.