सिकलसेल: एका प्रथिनातला छोटा बदल आणि तुमच्या रिपोर्टचा अर्थ

‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हातात आला की घरातले सगळेच घाबरतात. मुलाला आजार आहे की तो फक्त वाहक आहे? रक्तवाढीच्या गोळ्यांनी हे बरे होईल का? लग्न जमवताना काय करायचे? विदर्भातील जिल्ह्यांत आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत हे प्रश्न अनेक कुटुंबांना पडतात. त्यांची उत्तरे समजण्यासाठी हिमोग्लोबिन या प्रथिनाची थोडी ओळख करून घेऊ.

हिमोग्लोबिनमध्ये काय बिघडते?

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. माळेतल्या मण्यांच्या क्रमावर प्रथिनाचा आकार ठरतो आणि आकारावर त्याचे काम. हिमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा असतात: दोन अल्फा आणि दोन बीटा. तांबड्या पेशींत राहून ते फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोहोचवते.

सिकलसेलमध्ये बीटा माळेतील १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावे बदललेले असते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. अशा हिमोग्लोबिनला ‘एस’ म्हणतात. ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ धागे तयार करतात. मऊ, गोल पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, म्हणून हातपाय, पाठ, छातीत असह्य दुखते. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे दिसतात.

हे कसे कळले?

१९४९ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवले. निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा ते वेगळ्या गतीने सरकले. आजाराचे मूळ एका प्रथिनात असल्याचा हा पुरावा होता. पुढे इंग्लंडमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे करून ते ताडून पाहिले. १९५७ पर्यंत नेमके कोणते अमिनो आम्ल बदलते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे आज होणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी पॉलिंग यांच्याच प्रयोगाच्या तत्त्वावर चालते.

रिपोर्ट कसा वाचावा?

- एए: सिकलसेल नाही.
- एएस: वाहक. आई किंवा वडिलांपैकी एकाकडून ‘एस’ जनुक आले आहे. पेशीत निरोगी हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असल्याने सहसा त्रास होत नाही.
- एसएस: रुग्ण. दोघांकडूनही ‘एस’ जनुक आले आहे.

गावपातळीवर आधी होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण दोघांतही पॉझिटिव्ह येते. त्यामुळे तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्याच. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्याने रिपोर्ट बदलू शकतो.

उपचार काय आहेत?

लोहाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. त्या स्वतःहून सुरू करू नका. फॉलिक आम्ल मात्र डॉक्टर सहसा नियमित देतात.

सिकलसेल असलेले बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते. त्या काळात त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले ‘एफ’ हिमोग्लोबिन भरपूर असते. त्यात बीटा माळ नसतेच, शिवाय ते ‘एस’चे धागे बनू देत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच ‘एफ’ पुन्हा वाढवते. त्यामुळे दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. मात्र ते रोज घ्यावे लागते आणि ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

जुळणाऱ्या भावंडाच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण करून आजार बरा होऊ शकतो. ‘एफ’ पुन्हा सुरू करणाऱ्या जनुक-संपादन उपचारालाही २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. पण तो अतिशय महाग आहे.

घरी काय काळजी घ्यावी?

शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतले ‘एस’ दाटते आणि धागे लवकर बनतात. म्हणून भरपूर पाणी प्या. उन्हात राबणे, कडाक्याची थंडी आणि अतिश्रम टाळा. मुलांचे लसीकरण चुकवू नका.

लग्नापूर्वी तपासणी का?

आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून पुढचा धोका बदलत नाही. वाहक असणे हा आजार नाही आणि त्यात कुणाचा दोषही नाही. दोघेही वाहक असतील तर समुपदेशन घ्या. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणीही करता येते.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

रुग्णाला पुढीलपैकी काहीही झाल्यास घरी थांबू नका:

- १०१ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप. प्लीहा खराब झाल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो
- छातीत दुखणे, धाप लागणे
- एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- मूल अचानक पांढरेफटक पडणे, पोट फुगणे
- नेहमीच्या गोळ्यांनी न थांबणारे दुखणे

पोहोचताच ‘सिकलसेलचा रुग्ण आहे’ असे आधी सांगा आणि सिकलसेल कार्ड जवळ ठेवा.